वेगळं राहायला लागल्यावर अमेरिकेतला टॅक्स आणि मुलं कोणाच्या रिटर्नवर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारी संपत आला, डब्ल्यू-२ (कंपनीने दिलेला वर्षाच्या पगाराचा फॉर्म) हातात पडायला लागले की मला फोन यायला लागतात. एडिसनहून, पार्सिपनीहून, कधी थेट डॅलसहून, कोणाच्या तरी ओळखीने. आवाज खाली असतो, बरेचदा पार्किंगमध्ये गाडीत बसून बोलत असतात. "ताई, आम्ही सध्या वेगळे राहतोय, डिवोर्स अजून झालेला नाही, तर या वर्षी टॅक्सचं कसं करायचं, आणि मुलं कोणी दाखवायची?" मी सीपीए (इथला सीए) नाही, वकील पण नाही. मी स्वतः या सगळ्यातून गेलेय आणि आता टॅक्स सीझनमध्ये शनिवारी लायब्ररीत व्हिटा नावाच्या सरकारी स्वयंसेवक योजनेच्या टेबलावर बसून लोकांची रिटर्न फुकट भरून देते. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदा सगळं लिहून काढलंय. आकडे २०२५ सालच्या रिटर्नचे आहेत, म्हणजे जे १५ एप्रिल २०२६ पर्यंत भरायचं ते.

डिवोर्स झालेला नाही, नुसते वेगळे राहतोय. मग मी "सिंगल" ना?

नाही. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. आयआरएस, म्हणजे इथलं टॅक्स खातं, बघतं की ३१ डिसेंबरला तुमच्या हातात कोर्टाची डिक्री होती का, डिवोर्सची किंवा लीगल सेपरेशनची. नसेल तर तुम्ही त्या पूर्ण वर्षासाठी विवाहित, मग भले वर्षभर एकमेकांचं तोंड पाहिलं नसेल. आणि ३० डिसेंबरला डिक्री झाली तर पूर्ण वर्षासाठी अविवाहित. टेक्सासमध्ये तर लीगल सेपरेशन हा प्रकारच नाही, त्यामुळे तिथे डिवोर्स होईपर्यंत तुम्ही विवाहितच.

म्हणजे तुमच्यापुढे तीन पर्याय: दोघांनी मिळून जॉइंट, दोघांनी आपापलं मॅरीड फाइलिंग सेपरेटली, आणि अटी जुळत असतील तर हेड ऑफ हाऊसहोल्ड (मूल सांभाळून घर चालवणाऱ्याचा सवलतीचा वर्ग).

हेड ऑफ हाऊसहोल्ड मला मिळेल का? आणि त्याने एवढा काय फरक पडतो?

फरक बराच पडतो. सेपरेट भरलं तर स्टँडर्ड डिडक्शन १५,७५० डॉलर, हेड ऑफ हाऊसहोल्डला २३,६२५, शिवाय टॅक्सचे स्लॅबही सैल. आणि सेपरेटमध्ये जी बरीच क्रेडिट्स (थेट टॅक्समधून वजा होणाऱ्या रकमा) बंद होतात ती इथे उघडी राहतात.

डिवोर्स झाला नसला तरी हे मिळू शकतं. अटी अशा: तुम्ही रिटर्न वेगळं भरताय, घर चालवायचा अर्ध्याहून जास्त खर्च तुम्ही केलाय, तुमचं मूल अर्ध्याहून जास्त वर्ष त्या घरात राहिलंय आणि ते तुमचं डिपेंडंट (टॅक्ससाठी तुमच्यावर अवलंबून) होऊ शकतं, आणि वर्षाचे शेवटचे सहा महिने तुमचा जोडीदार त्या घरात राहिलेला नाही. घरखर्चात भाडं किंवा मॉर्गेजचं व्याज, प्रॉपर्टी टॅक्स, इन्शुरन्स, दुरुस्ती, लाइट-गॅस आणि घरात खाल्लेलं अन्न. कपडे, क्लास, डॉक्टर, ट्रिपा यात धरत नाहीत.

शेवटचे सहा महिने म्हणजे १ जुलै ते ३१ डिसेंबर. एक दादा आले होते, मुलगा त्यांच्याकडे, बायको १ ऑगस्टला दुसऱ्या अपार्टमेंटमध्ये गेली होती, लीजवर तीच तारीख. त्या एका महिन्यामुळे त्यांना त्या वर्षी हेड ऑफ हाऊसहोल्ड मिळालं नाही. कोणी तारखा बघून संसार मोडत नाही हे मला माहितीये, पण मे-जूनमध्ये वेगळं व्हायचं नक्की झालंच असेल तर ३० जून ही तारीख लक्षात असू द्या. आणि ऑफिसच्या कामासाठी तीन महिने बंगलोरला गेला होता, याला वेगळं राहणं म्हणत नाहीत, ती तात्पुरती गैरहजेरी.

आम्ही एकाच घरात राहतो, तो बेसमेंटमध्ये, मी आणि मुलं वर. बोलणं बंद आहे. हे वेगळं राहणं धरतील का?

हे खूप जणांचं असतं, मॉर्गेज दोघांच्या नावावर, शाळेचा डिस्ट्रिक्ट सोडवत नाही, किंवा व्हिसा त्याच्या नोकरीवर. मनाने तुम्ही कधीच वेगळे झालेले असता. पण टॅक्ससाठी एक छप्पर म्हणजे एकत्र. हेड ऑफ हाऊसहोल्ड मिळत नाही, जॉइंट किंवा सेपरेट यातलंच एक.

मूल नेमकं कोणाच्या रिटर्नवर जातं?

मूल ज्याच्याकडे जास्त रात्री झोपलं त्याच्या. खरंच इतकं साधं आहे, आणि बाकी सगळं यातूनच निघतं. ज्याच्याकडे जास्त रात्री तो कस्टोडियल पालक. वर्षाच्या मध्ये वेगळे झालात तर वेगळे झाल्यानंतरच्या उरलेल्या रात्री मोजायच्या. मूल मैत्रिणीकडे स्लीपओव्हरला किंवा कॅम्पला गेलं तर एरवी त्या रात्री ज्याच्याकडे असतं त्याची रात्र. ३१ डिसेंबरची रात्र जुन्या वर्षात. आणि तुम्ही नाइट शिफ्ट करत असाल, समजा नर्स आहात, तर रात्रींच्या ऐवजी दिवस बघतात.

म्हणून मी प्रत्येकाला सांगते, पहिल्या दिवसापासून लिहून ठेवा. माझी आई कालनिर्णयच्या चौकोनात दुधाचा हिशोब लिहायची, खाडा झाला की फुली. मी २०१९ साली मुलीला घेऊन वेगळी राहायला लागले तेव्हा इंडियन ग्रोसरीतून आणलेलं कालनिर्णय फ्रीजवर लावलं होतं, त्यात तशाच खुणा करायला लागले. माझ्याकडे झोपली की निळी टिक, बाबाकडे गेली की लाल. तेव्हा फक्त शनिवारचा गोंधळ होऊ नये म्हणून करत होते. वर्षाच्या शेवटी मोजलं तेव्हा कळलं की एवढे महिने मी टॅक्सचाच पुरावा लिहीत होते. तुम्ही फोनमध्ये लिहा, डायरीत लिहा, पण त्या त्या दिवशी लिहा, मार्चमध्ये बसून आठवून लिहिलेल्याला फार वजन राहत नाही.

पैसे सगळे मी देतो, चाइल्ड सपोर्ट देतो, शाळेची फी देतो. मग मूल माझ्या रिटर्नवर का नाही?

हे विचारणाऱ्या बाबांचं मला खरंच वाईट वाटतं, कारण ते मनापासून करत असतात. पण हा नियम पैसे कोण देतं ते बघत नाही. बघतात फक्त एवढंच की मुलाने स्वतःच्या कमाईतून स्वतःचा अर्ध्याहून जास्त खर्च केलेला नसावा. चाइल्ड सपोर्ट देणाऱ्याला वजावट नाही, घेणाऱ्याला ते उत्पन्न नाही. मूल तुमच्या रिटर्नवर हवं असेल तर रस्ता एकच, फॉर्म ८३३२, खाली सांगते.

आमची कस्टडी ५०-५० आहे.

कागदावर ५०-५० असते, पण वर्षाच्या रात्री ३६५, एकाला १८३ आणि दुसऱ्याला १८२ येणारच. २०२४ सारखं लीप इयर असेल किंवा काही रात्री मूल दोघांकडेही नसेल तरच खरी बरोबरी होते, आणि तेव्हा ज्याचं ॲडजस्टेड ग्रॉस इन्कम (रिटर्नवरचं उत्पन्न) जास्त तो कस्टोडियल धरतात. दोन मुलं असतील आणि एक जास्त करून आईकडे, एक बाबाकडे राहत असेल तर दोघांनाही एकेका मुलावर हेड ऑफ हाऊसहोल्ड मिळू शकतं, पण ते राहणं खरं पाहिजे. एकच मूल दोघांनी अर्धं अर्धं दाखवायचं असं काही नसतं.

कोर्टाच्या ऑर्डरमध्ये लिहिलंय की सम वर्षी मूल बाबाच्या रिटर्नवर. मग ऑर्डर पुरेशी नाही का?

२००८ नंतरच्या डिक्रीला आयआरएस फॉर्मच्या जागी मान्य करत नाही. कस्टोडियल पालकाने फॉर्म ८३३२ वर सही करून द्यायची आणि दुसऱ्याने तो आपल्या रिटर्नला जोडायचा. फॉर्म दिला नाही तर आयआरएस कोर्टाची ऑर्डर वाचत बसणार नाही, ते भांडण परत फॅमिली कोर्टात न्यावं लागतं. त्यामुळे ऑर्डर लिहून घेतानाच वकिलाला सांगा की ८३३२ कोणत्या तारखेपर्यंत द्यायचा ते पण त्यात घाला.

सही करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं: फॉर्मचे भाग नीट बघा. पहिला भाग फक्त चालू वर्षाचा. दुसरा भाग पुढच्या वर्षांचा, आणि तिथे "सगळी पुढची वर्षं" असं लिहिता येतं. घाईत, भांडण मिटावं म्हणून, बायका तिथे सही करून बसतात. दर वर्षी एकेका वर्षाचा द्या. दिलेला मागे घेता येतो, तिसरा भाग त्यासाठीच आहे, पण तो तुम्ही समोरच्याला कळवल्याच्या पुढच्या वर्षापासून लागू होतो. आणि "सपोर्ट वेळेवर दिला तरच" अशी अट त्या फॉर्मवर चालत नाही.

८३३२ दिला म्हणजे माझ्याकडचं सगळंच गेलं का?

नाही नाही, हे नीट समजून घ्या. जातं ते चाइल्ड टॅक्स क्रेडिट, २०२५ साठी मुलामागे २,२०० डॉलरपर्यंत, वर्षअखेर १७ पूर्ण न झालेल्या मुलांना. सतरा आणि वरच्यांचं ५०० डॉलरचं क्रेडिट पण जातं. राहतं काय तर हेड ऑफ हाऊसहोल्ड, अर्न्ड इन्कम क्रेडिट आणि तेरा वर्षांखालच्या मुलाच्या डेकेअरचं क्रेडिट, हे तिन्ही ज्याच्याकडे मूल राहतं त्याचंच. कितीतरी आया ८३३२ देऊन मॅरीड सेपरेट भरून मोकळ्या होतात, आणि ज्यांना हक्काने हेड ऑफ हाऊसहोल्ड मिळालं असतं त्यांचे दोन-तीन हजार डॉलर उगाच जातात. अर्न्ड इन्कम क्रेडिटसाठी मात्र पगार कमी हवा आणि तुम्हाला आणि मुलाला दोघांना सोशल सिक्युरिटी नंबर हवा.

मी ई-फाइल केलं आणि रिजेक्ट झालं, म्हणे हा डिपेंडंट आधीच कोणीतरी दाखवलाय. आता?

माझं पहिल्या वर्षी हेच झालं. रात्री साडेअकरा वाजता, मुलगी शेजारी झोपलेली, आणि स्क्रीनवर लाल अक्षरात तिच्या नंबराचे शेवटचे चार आकडे. तिच्या बाबाने फेब्रुवारीच्या पहिल्याच आठवड्यात भरून टाकलं होतं. मला वाटलं आता काही होणार नाही, ज्याने आधी भरलं त्याचं झालं. तसं नसतं. आधी कोणी भरलं याला अजिबात महत्त्व नाही. मुलगी माझ्याकडे राहत होती, मी तिला डिपेंडंट दाखवून कागदी रिटर्न पोस्टाने पाठवलं.

आता अजून एक सोय झालीये. आयआरएसच्या साइटवर स्वतःचं अकाउंट उघडून सहा आकडी आयपी पिन (तुमची ओळख पटवणारा नंबर) घ्या, तो टाकला की मूल आधी कोणी दाखवलेलं असलं तरी तुमचं ई-फाइल स्वीकारतात. यामुळे वाद संपत नाही, फक्त रिटर्न आत जातं. पुढे काही महिन्यांनी दोघांना सीपी८७ए नावाचं पत्र येऊ शकतं, तुम्ही बरोबर असाल तर काही करू नका, चूक असेल तर रिटर्न दुरुस्त करा असं त्यात असतं. कोणीच मागे हटलं नाही तर पुरावा मागतात. शाळेचं पत्र, ज्यावर मुलाचा आणि तुमचा पत्ता आणि शाळेच्या तारखा आहेत, मुलांच्या डॉक्टरकडचे रेकॉर्ड, डेकेअरचं लेटरहेडवरचं पत्र. माझ्या कालनिर्णयाचे फोटो पण मी जोडले होते, पण खरं काम शाळेच्या ऑफिसातल्या बाईंनी पाच मिनिटांत दिलेल्या पत्राने झालं. पैसे यायला बरेच महिने लागले, तोवर हात आखडून राहिलो, पण आले.

मुद्दाम खोटं दाखवणाऱ्याला आयआरएस ही क्रेडिट्स दोन वर्षं बंद करू शकतं, फसवणूक ठरली तर दहा वर्षं.

तो म्हणतो जॉइंटच भरू, रिफंड जास्त येतो. सही करू का?

रिफंड जास्त येतो हे बहुतेक वेळा खरं असतं. सेपरेटमध्ये स्टुडंट लोनच्या व्याजाची वजावट नाही, शिक्षणाची क्रेडिट्स नाहीत, आणि एकाने आयटेमाइज केलं (एकेक खर्च दाखवून वजावट घेतली) तर दुसऱ्याला स्टँडर्ड डिडक्शन शून्य. पण जॉइंटवर सही केली की त्या रिटर्नवरच्या पूर्ण टॅक्सला तुम्ही दोघंही पूर्ण जबाबदार, डिवोर्स झाल्यावर सुद्धा, आणि डिक्रीत "टॅक्स तो भरेल" लिहिलं असलं तरी आयआरएस तुमच्याकडे येऊ शकतं. इनोसंट स्पाउस म्हणून फॉर्म ८८५७ भरता येतो, पण रिटर्नमधली चूक मला माहिती नव्हती हे तेव्हा पटवून द्यावं लागतं.

तुमच्यात अजून विश्वास असेल, दोघांचे पगाराचेच कागद असतील, तर जॉइंट भरा, पैसे वाचतील ते मुलांचेच. धंद्यातली रोकड, क्रिप्टो, पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं, यातलं काही तुम्हाला कधी दाखवलंच गेलं नसेल तर सेपरेट भरा. आणि एक लक्षात ठेवा, सेपरेट भरून नंतर तीन वर्षांच्या आत जॉइंट करता येतं, पण जॉइंट भरून मुदत संपली की सेपरेट करता येत नाही. शंका असेल तेव्हा परत फिरता येईल असाच रस्ता धरावा. आणि पूर्ण रिटर्न वाचल्याशिवाय सही नाही. "मी तुझ्या वतीने केली सही" हे चालत नाही, त्यासाठी पॉवर ऑफ ॲटर्नी लागते.

माझी एच-४ (एच-१बी वाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) आहे, नोकरी नाही, आयटिन (सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्यांचा टॅक्स नंबर) आहे. मुलगा इथे जन्मलेला. मला चाइल्ड टॅक्स क्रेडिट मिळेल का?

२०२५ पासून मुलाबरोबर पालकाकडे पण नोकरीसाठी वैध असा सोशल सिक्युरिटी नंबर लागतो, जॉइंट असेल तर दोघांपैकी एकाकडे. म्हणजे आयटिनवर सेपरेट भरलं तर नाही मिळत. अशा वेळी ८३३२ त्या एका वर्षापुरता देऊन ते क्रेडिट वडिलांना घेऊ देणं आणि त्या बदल्यात काय मिळणार हे वकिलाकडून लिहून घेणं यात शहाणपण आहे, कारण नाहीतर ते पैसे कोणालाच मिळत नाहीत. मूल स्वतःच आयटिनवर असेल तर २,२०० नाही, ५०० चं क्रेडिट.

आणि उत्पन्न नाही म्हणून मला काही भरायचंच नाही असं समजू नका. मॅरीड सेपरेटला उत्पन्नाची मर्यादा फक्त ५ डॉलर आहे, सेव्हिंगवर दहा डॉलर व्याज आलं तरी रिटर्न भरावं लागतं. डिवोर्सनंतर एच-४ चं काय होतं ते इमिग्रेशनच्या वकिलालाच विचारा, टॅक्सवाल्यांना नको.

ती मुलांना घेऊन नाशिकला गेली. मी इथे पैसे पाठवतो. मुलं दाखवू का?

सुट्टीत दोन महिने आजीकडे गेली असतील तर ती तात्पुरती गैरहजेरी, काही फरक नाही. पण तिथल्या शाळेत घातलं, तिथेच राहतात, तर ती तुमच्याकडे राहत नाहीत. मूल अमेरिकन नागरिक असेल तर चाइल्ड टॅक्स क्रेडिटसाठी ८३३२ चाच रस्ता उरतो आणि तो तिच्या सहीशिवाय नाही. मूल भारतीय नागरिक असून भारतातच राहत असेल, ग्रीन कार्ड वगैरे काही नाही, तर ते डिपेंडंट होतच नाही, कितीही पैसे पाठवा.

पोटगीवर टॅक्स लागतो का?

२०१८ संपल्यानंतर झालेला करार असेल तर देणाऱ्याला वजावट नाही, घेणाऱ्याला टॅक्स नाही. त्याआधीच्या करारांना जुना नियम, देणाऱ्याला वजावट आणि घेणाऱ्याचं उत्पन्न.

आम्ही टेक्सासमध्ये आहोत, तिथे काही वेगळं आहे म्हणतात.

आहे. टेक्सास, कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ॲरिझोना आणि आणखी काही राज्यं कम्युनिटी प्रॉपर्टीची. तिथे वेगळं रिटर्न भरलं तरी लग्नातली कमाई निम्मी निम्मी वाटून दाखवावी लागते, फॉर्म ८९५८ जोडून. कॅलिफोर्नियात कायमचे वेगळे झाल्यानंतरची कमाई ज्याची त्याची, टेक्सासमध्ये डिवोर्सपर्यंत सामायिकच. पूर्ण वर्ष वेगळे राहिलात आणि कमाईतलं एकमेकांना काही दिलं नाही तर सूट आहे. इथे मात्र सीपीएचे पैसे वाचवू नका.

भारतातलं जॉइंट एनआरई खातं, पुण्याचा फ्लॅट, याचं काय?

दोघांच्या नावाचं खातं आहे म्हणजे तुमचंही आहे, पासबुक कधी हातात घेतलं नसलं तरी. परदेशातली सगळी खाती मिळून वर्षात एकदाही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार (परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म) भरायचा, आणि वेगळे झाल्यावर तो आपापला. एनआरई ठेवीचं व्याज भारतात करमुक्त, इथे नाही. फ्लॅटच्या भाड्यातला आपला हिस्सा आपल्या रिटर्नवर. भारतात मुलाच्या नावावर एफडी असेल तर तिथला नियम वेगळा आहे: एरवी अज्ञान मुलाचं व्याज जास्त कमावणाऱ्या पालकाच्या उत्पन्नात मिळवतात, पण लग्न संपलेलं असेल तर जो मुलाला सांभाळतो त्याच्या.

कॉलेजमधला मुलगा कोणाचा?

डॉर्ममध्ये राहणं हीसुद्धा तात्पुरती गैरहजेरी. फुलटाइम शिकत असेल तर २४ च्या आतपर्यंत डिपेंडंट होऊ शकतो. फीवरचं अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट, २,५०० पर्यंत, त्याला डिपेंडंट दाखवणाऱ्यालाच मिळतं, चेक कोणी का फाडेना.

अजून काय काय बदलून घ्यायचं?

रिफंडचा बँक नंबर, सॉफ्टवेअरमध्ये जुनं जॉइंट खातं तसंच राहिलेलं असतं. पत्ता, फॉर्म ८८२२, नाहीतर पत्रं जुन्या घरी जातात आणि तिकडून तुमच्यापर्यंत येत नाहीत. नोकरीच्या ठिकाणी नवीन डब्ल्यू-४ (पगारातून किती टॅक्स कापायचा ते सांगणारा फॉर्म). मुलांसाठी पण आयपी पिन मिळतो, तो घेऊन ठेवलात तर त्यांचा नंबर ई-फाइलमध्ये कोणी परस्पर वापरू शकत नाही.

मदत कुठे मिळेल, पैसे नाहीत.

व्हिटाची केंद्रं लायब्ररीत, कम्युनिटी सेंटरमध्ये असतात, कमी उत्पन्नवाल्यांना फुकट. आयआरएसचं पत्र आलं असेल, वाद असेल तर लो इन्कम टॅक्सपेयर क्लिनिकमध्ये विचारा, तिथे फुकट किंवा अगदी थोड्या पैशात कोणीतरी तुमच्या बाजूने उभं राहतं. येताना फोटो आयडी, सगळ्यांचे सोशल किंवा आयटिनचे कागद, डब्ल्यू-२, बँकेचे १०९९ (व्याजाचे फॉर्म), मागच्या वर्षीचं रिटर्न, लीज, डेकेअरची पावती त्यांच्या टॅक्स नंबरासकट, कोर्टाची ऑर्डर असेल तर ती, आणि मूल कोणाकडे किती रात्री झोपलं याची जी काही नोंद असेल ती. मागच्या वर्षीचं रिटर्न त्याच्याकडे अडकलं असेल तर त्यासाठी भांडू नका, जॉइंटवर तुमची सही आहे म्हणजे आयआरएसच्या अकाउंटमधून त्याची ट्रान्सक्रिप्ट (रिटर्नमधल्या आकड्यांचा उतारा) तुम्हाला स्वतःला उतरवून घेता येते.